काळे मोहरे, खालचे गुणांकन : एका डावाचा अभ्यास

१७ ऑक्टोबर १९५६ रोजी न्यूयॉर्कमधील मार्शल चेस क्लबमध्ये रोझेनवाल्ड करंडक स्पर्धेतील एक डाव खेळला गेला. पांढरे मोहरे सव्वीस वर्षांच्या डोनाल्ड बायर्न यांच्याकडे होते, काळे मोहरे तेरा वर्षांच्या बॉबी फिशरकडे. बायर्न हे १९५३ सालचे अमेरिकन खुल्या स्पर्धेचे विजेते आणि देशातील अग्रगण्य खेळाडूंपैकी एक. मुलाच्या नावावर तोवर एकच मोठी गोष्ट होती : त्याच वर्षी जुलै महिन्यात फिलाडेल्फियात मिळवलेले कनिष्ठ गटाचे राष्ट्रीय विजेतेपद. त्या काळच्या अमेरिकन गुणांकनात बायर्न त्याच्यापेक्षा पुष्कळ वर होते. एक्केचाळिसाव्या खेळीवर बायर्न यांच्या राजावर मात झाली. हान्स क्मोख यांनी ‘चेस रिव्ह्यू’ या मासिकात त्या डावाला ‘शतकातील डाव’ म्हटले. शतक संपायला तेव्हा चव्वेचाळीस वर्षे बाकी होती, पण ते नाव आजवर कोणी काढून घेतलेले नाही.

वसतिगृहाच्या सायंवर्गात आम्ही हा डाव वारंवार शिकवतो. स्मरणिकेसाठी अभ्यासपाठ देण्याचे ठरले तेव्हाही तोच पुढे आला, कारण आमच्या विद्यार्थ्यांना ज्या प्रश्नाचा सर्वांत अधिक त्रास होतो तो प्रश्न या डावात उघडपणे मांडला गेला आहे. समोरचा आपल्यापेक्षा मोठा आहे हे कागदावर लिहिलेले असताना खेळायचे कसे, हा तो प्रश्न.

प्रथम त्या कागदाविषयी. आज जगभर वापरली जाणारी गुणांकनाची, म्हणजे रेटिंगची पद्धत अर्पाद एलो यांची. एलो जन्माने हंगेरियन. अमेरिकेत मिलवॉकी येथे ते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. अमेरिकन संघटनेने त्यांची पद्धत १९६० साली आणि जागतिक संघटनेने १९७० साली स्वीकारली. तिचे म्हणणे इतकेच की, दोघांच्या गुणांकनात २०० चा फरक असेल तर पुष्कळ डाव खेळल्यावर वरच्या खेळाडूला शंभरांत सुमारे ७६ गुण मिळतील आणि खालच्याला २४. फरक ४०० असेल तर सुमारे ९१ आणि ९. त्यात पांढऱ्या मोहऱ्यांचा लाभ मिळवावा. पहिली खेळी पांढऱ्याची असल्यामुळे तयारीच्या खेळाडूंच्या डावांत पांढऱ्याला शंभरांत साधारण ५४-५५ गुण पडतात. म्हणजे खालच्या गुणांकनाचा खेळाडू काळे मोहरे घेऊन बसला की त्याच्यावर दोन ओझी असतात.

ही ओझी खरी आहेत. ‘रेटिंग म्हणजे काही नव्हे’ असे मुलांना सांगणारे शिक्षक आम्हांला मान्य नाहीत. मुलांना ते खोटे आहे हे पहिल्याच स्पर्धेत कळते. परंतु ७६ आणि २४ हा हिशेब झालेल्या डावांवरून बांधलेला, आणि तोही सरासरीचा आहे. आज या पटावर अकराव्या खेळीला काय होईल हे त्यात लिहिलेले नसते. बॉबीच्या बाबतीतही सरासरीने आपले काम चोख केले. बारा खेळाडूंच्या त्या स्पर्धेत त्याला अकरा डावांत साडेचार गुण मिळाले; त्याने जिंकले ते दोनच डाव. त्यांपैकी एक हा.

मुलाची घरची स्थिती थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण पालक आम्हांला हमखास विचारतात की यासाठी काय काय लागते. आई रेजिना एकटीने दोन मुलांना वाढवत होती आणि कामाच्या शोधात बिऱ्हाडे बदलत होती. बॉबी सहा वर्षांचा असताना थोरली बहीण जोन हिने गोळ्या-चॉकलेटच्या दुकानातून बुद्धिबळाचा एक स्वस्त संच आणला. सोबतच्या सूचनापत्रकावरून दोघे भावंडे खेळ शिकली. पुढे ब्रुकलिनच्या क्लबात कार्माइन नीग्रो यांनी त्याला हाताशी धरले. एवढीच सामग्री, आणि सात वर्षांचा अखंड सराव.

आता पट मांडून घ्यावा. खालील नोंदींत ‘रा’ म्हणजे राजा, ‘व’ वजीर, ‘ह’ हत्ती, ‘उं’ उंट, ‘घो’ घोडा. प्याद्याच्या खेळीला केवळ घराचे नाव. × म्हणजे मारणे, + म्हणजे शह. उभ्या पट्ट्या पांढऱ्याच्या डावीकडून ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच अशा मोजाव्यात आणि आडव्या ओळी पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८. प्रत्येक क्रमांकापुढे आधी पांढऱ्याची, मग काळ्याची खेळी.

१. घो-एफ३ घो-एफ६ २. सी४ जी६ ३. घो-सी३ उं-जी७ ४. डी४ कॅसलिंग ५. उं-एफ४ डी५ ६. व-बी३ डी×सी४ ७. व×सी४ सी६ ८. ई४ घो(बी)-डी७ ९. ह-डी१ घो-बी६ १०. व-सी५ उं-जी४.

हा ग्रुनफेल्ड बचाव. ऑस्ट्रियाच्या एर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांच्यावरून पडलेले हे नाव. पटाचा मध्य पांढऱ्याला घेऊ द्यायचा आणि मग दुरून त्याच मध्यावर मारा करायचा, हे त्याचे सूत्र. दहा खेळ्यांनंतर चित्र पाहावे. पांढऱ्याची प्यादी डी४ आणि ई४ वर दिमाखात उभी आहेत, वजीर सी५ पर्यंत पुढे आला आहे. पटावरचा मालक कोण, असे विचारले तर वर्गातील बहुतेक मुले पांढऱ्याचे नाव घेतात. आम्ही मग दुसरा प्रश्न विचारतो : दोघांचे राजे कोठे आहेत? काळ्याचा राजा चौथ्याच खेळीत हत्तीच्या आड सुरक्षित बसला. पांढऱ्याचा राजा अजून ई१ वर, मधोमध. त्याच्या उजव्या हाताचा उंट आणि हत्ती दोघेही घरातून हललेले नाहीत.

येथे पांढऱ्याने ११. उं-ई२ खेळून पुढच्या खेळीत कॅसलिंग करायचे, हे पुढे जवळजवळ सर्व भाष्यकारांनी सांगितले आहे. बायर्न यांनी एकदा एफ४ वर ठेवलेला उंट पुन्हा उचलून जी५ वर नेला. चूक दिसायला किती लहान! मोहरा गमावला नाही, प्यादे गमावले नाही, केवळ एक खेळी गेली. अनुभवी खेळाडू दुबळ्या प्रतिस्पर्ध्यासमोर अशी उसनवारी अनेकदा करतात आणि बहुतेक वेळा ती निभावते, कारण समोरचा त्यांच्या नावाकडे पाहत असतो.

११. उं-जी५ घो-ए४ १२. व-ए३ घो×सी३ १३. बी×सी३ घो×ई४.

काळ्याची अकरावी खेळी पाहून वर्गात नेहमी गलका होतो. घोडा पटाच्या काठावर, तोही सी३ च्या घोड्याच्या तोंडी! तो मारला तर काय होते हे मुलांनी स्वतः शोधावे असा आमचा आग्रह असतो. १२. घो×ए४ घो×ई४ असे झाले की काळ्याचा दुसरा घोडा एकाच वेळी सी५ वरच्या वजिरावर आणि जी५ वरच्या उंटावर चालून येतो. सी३ चा पहारेकरी निघून गेल्यामुळे ई४ चे प्यादे अनाथ झालेले असते. कोणत्याही वाटेने गेले तरी काळ्याला आपली भरपाई मिळते आणि ई-पट्टी पांढऱ्या राजाच्या अंगावर उघडू लागते. बायर्न यांनी हे ओळखले आणि वजीर मागे घेतला. ते तरबेज खेळाडू होते. या डावात त्यांनी सापळे एकामागून एक टाळले आहेत. मुलाच्या विजयाची किंमत त्यामुळेच वाढते.

१४. उं×ई७ व-बी६ १५. उं-सी४ घो×सी३ १६. उं-सी५ ह(एफ)-ई८+ १७. रा-एफ१ उं-ई६.

चौदाव्या खेळीला पांढऱ्याच्या उंटाने काळ्याचा वजीर आणि हत्ती दोघांवर नेम धरला. काळ्याने वजीर हलवला आणि हत्ती देऊ केला. पांढऱ्याने तो घेतला असता तर जी७ चा उंट एफ८ वर परत मारत आला असता आणि ए३ वरच्या वजिराला हुसकावून पुन्हा एक खेळी मिळवली असती. बायर्न यांनी तो मोह टाळला. पंधराव्या खेळीला काळ्याने सी३ चे प्यादे मारले. त्या घोड्याला वजिराने मारले तर काळा हत्ती ई८ वर येऊन ई७ च्या उंटाला राजाच्या रेषेत जखडतो आणि मोहरा परत मिळवतो. म्हणून बायर्न यांनी तो उंट सी५ वर नेऊन काळ्या वजिरावर हल्ला केला.

आता सतराव्या खेळीपाशी थांबावे. काळ्याचा वजीर बी६ वर मार खात आहे, घोडा सी३ वर मार खात आहे, आणि पांढऱ्याचा सी४ चा उंट एफ७ वर डोळा ठेवून बसला आहे. सुचणारी पहिली खेळी म्हणजे १७... घो-बी५. घोडा वाचतो आणि पांढऱ्या वजिरावर हल्लाही होतो. पण मग १८. उं×एफ७+ असे बलिदान देऊन पांढरा डाव फिरवतो. बॉबीने जी४ चा उंट दोन घरे मागे घेतला. शह नाही, कोणाला मारले नाही. वजीर मात्र तसाच मारात सोडला.

या शांत खेळीत काय दडले आहे? पांढऱ्याने वजीर न मारता १८. उं×ई६ खेळले तर सी४ चे घर रिकामे होते आणि तिरकी रेषा मोकळी. १८... व-बी५+ १९. रा-जी१ घो-ई२+ २०. रा-एफ१ घो-जी३+. हा दुहेरी शह आहे, घोड्याचा आणि वजिराचा एकदम. २१. रा-जी१ व-एफ१+! वजीर थेट राजाशेजारी जाऊन बसतो; त्याला हत्तीनेच मारावे लागते, २२. ह×एफ१, आणि २२... घो-ई२ मात. राजाच्या भोवतीची सर्व घरे त्याच्याच माणसांनी अडवलेली. गुदमरून झालेली मात म्हणतात ती हीच. आमच्या मते हा प्रकार पटावर न आलेला असला तरी संपूर्ण डावाचे हृदय आहे. तेरा वर्षांच्या मुलाने हे सर्व डोक्यात पाहिले होते म्हणूनच तो वजीर सोडू शकला. प्रेक्षकांना ते धाडस वाटले असेल. त्याच्या लेखी तो हिशेब होता.

१८. उं×बी६ उं×सी४+ १९. रा-जी१ घो-ई२+ २०. रा-एफ१ घो×डी४+ २१. रा-जी१ घो-ई२+ २२. रा-एफ१ घो-सी३+ २३. रा-जी१ ए×बी६ २४. व-बी४ ह-ए४ २५. व×बी६ घो×डी१.

बायर्न यांनी वजीर घेतला. मग पवनचक्की फिरू लागली. घोडा ई२ वर शह देतो, तेथून सरकला की मागच्या उंटाचा शह उघडा पडतो. राजा जी१ आणि एफ१ या दोन घरांत येरझारा घालतो आणि घोडा जाता-येता डी४ चे प्यादे उचलतो. वादळ शमल्यावर जमाखर्च मांडावा. काळ्याने वजीर दिला. त्याच्या बदल्यात एक हत्ती, दोन उंट आणि प्यादी मिळवली. शिवाय पांढऱ्याचा एच१ वरचा हत्ती सत्ताविसाव्या खेळीपर्यंत जागचा हललेला नाही. राजाला वेळेवर घर न दिल्याचा दंड त्याने भरला.

२६. एच३ ह×ए२ २७. रा-एच२ घो×एफ२ २८. ह-ई१ ह×ई१ २९. व-डी८+ उं-एफ८ ३०. घो×ई१ उं-डी५ ३१. घो-एफ३ घो-ई४ ३२. व-बी८ बी५ ३३. एच४ एच५ ३४. घो-ई५ रा-जी७ ३५. रा-जी१ उं-सी५+ ३६. रा-एफ१ घो-जी३+ ३७. रा-ई१ उं-बी४+ ३८. रा-डी१ उं-बी३+ ३९. रा-सी१ घो-ई२+ ४०. रा-बी१ घो-सी३+ ४१. रा-सी१ ह-सी२ मात.

हा भाग झरझर खेळला तरी चालेल. शेवटच्या सात खेळ्यांत काळ्याची प्रत्येक खेळी शहाची आहे. हत्ती, दोन उंट आणि एक घोडा यांनी राजाला जी१ पासून सी१ पर्यंत हाकत नेले, आणि त्या वेळी पांढऱ्याचा बलाढ्य वजीर बी८ च्या कोपऱ्यात प्रेक्षक होऊन उभा होता.

येथे आमच्या वर्गाविषयी चार शब्द. आमची मुले तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या स्पर्धांना जातात तेव्हा जोड्यांचा तक्ता लागताच त्यापुढे गर्दी होते. प्रतिस्पर्ध्याच्या नावापुढचा आकडा वाचून काही जण तेथेच हरतात. दुसरे काही जण उलट टोकाला जातात; हरणारच आहोत तर मारामारी करून हरू, म्हणून चौथ्या-पाचव्या खेळीला मोहरे उधळू लागतात. दोघांचेही लक्ष पटावर नसते. तिसरा प्रकार आम्हांला सर्वांत क्लेश देतो. मूल चांगले खेळलेले असते, त्याची स्थिती वरचढ असते, आणि मोठा प्रतिस्पर्धी सौम्यपणे बरोबरीचा प्रस्ताव मांडतो. मूल कृतज्ञतेने हात पुढे करते. बाहेर आल्यावर ते आनंदात असते, कारण मोठ्याने आपल्याला आपल्या बरोबरीचे मानले असे त्याला वाटते. वस्तुतः मोठ्याने ओळखलेले असते की डाव हातचा चालला आहे. ज्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या मिळेल तेवढ्यावर समाधान मानण्यावाचून गत्यंतर नव्हते, त्या घरांतील मुलांना ‘नाही, मी पुढे खेळणार’ हे चार शब्द उच्चारण्यास फार बळ लागते. बॉबीच्या डावातून आम्ही शिकवतो ते मुख्यतः हे : अकराव्या खेळीला पट काय मागतो आहे, एवढेच त्याने पाहिले.

त्याच्या पुढच्या आयुष्याचा मात्र आम्ही आदर्श म्हणून उल्लेख करत नाही. १९७२ साली रेकयाविक येथे बोरिस स्पास्की यांना हरवून तो जगज्जेता झाला. १९७५ साली विजेतेपद राखण्यासाठी पटावर बसलाच नाही. नंतरची वर्षे कडवटपणात आणि द्वेषाच्या भाषेत गेली. २००८ साली रेकयाविकमध्येच वयाच्या चौसष्टाव्या वर्षी त्याचे निधन झाले. डाव शिकण्यासाठी माणसाचे सर्वच उचलावे लागत नाही.

अशा डावाचे उदाहरण शोधण्यासाठी आता न्यूयॉर्कपर्यंत जाण्याचीही गरज उरलेली नाही. २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बाटुमी येथे महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीत नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख कोनेरू हम्पी यांच्यासमोर बसली होती. गुणांकनाने आणि अनुभवाने हम्पी वरच्या. दोन्ही दीर्घ डाव बरोबरीत सुटले, पहिला जलद डावही बरोबरीत. दुसऱ्या जलद डावात दिव्याकडे काळे मोहरे होते. तो डाव तिने जिंकला, विश्वचषक जिंकला आणि त्याबरोबर ग्रँडमास्टर किताबही मिळवला. त्या रात्री वसतिगृहातील मुलींनी आम्हांला विचारले की ती कोणत्या शाळेत शिकली. प्रश्न खेळापेक्षा मोठा होता.

बायर्न यांच्याविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. त्या दर्जाचे खेळाडू हरलेला डाव मातेपर्यंत ओढत नाहीत. खूप आधी हार मान्य करून उठतात. बायर्न उठले नाहीत. त्यांनी त्या मुलाला शेवटची खेळी पटावर करू दिली. आम्ही त्याकडे मोठ्या मनाची दाद म्हणूनच पाहतो. ते पुढे पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक झाले, तेथील विद्यार्थ्यांच्या बुद्धिबळ संघालाही त्यांनी मार्गदर्शन केले. १९७६ साली ते वारले. बुद्धिबळाच्या पुस्तकांत त्यांचे नाव प्रामुख्याने या हरलेल्या डावामुळे येते, हे थोडे अन्यायाचेच आहे.

पट आवरण्यापूर्वी दोन प्रश्न. वर दिलेल्या गुदमरलेल्या मातेच्या प्रकारात २०... घो-जी३+ या दुहेरी शहानंतर पांढरा राजा जी१ ऐवजी ई१ वर गेला, तर काळ्याला एकाच खेळीत मात करता येते; ती कोणती? आणि पंधराव्या खेळीला पांढऱ्याने १५. उं×एफ८ उं×एफ८ १६. व-बी३ असा मार्ग धरला असता, तर काळा १६... घो×सी३ खेळतो, तो घोडा वजिराने का मारू नये? आजी-माजी विद्यार्थ्यांनी घरातील लहानग्यांना समोर बसवून ही उत्तरे शोधावीत. मोहरे हाताने हलवल्याखेरीज ती सापडत नाहीत, म्हणून येथे छापलेली नाहीत.